रातच्या चहाला काही होत न्हाई

टाकू नका, टाकू नका माय — मोरीत ओतू नका तो चहा! तुमचा न्हाई तो कप, आमच्या वर्षाराणीचा हाय. रातचाच हाय, हाव, दिसायलंय मला, साय धरलीय वर. पण खोलीतला कप इथं मोरीपाशी कोणी आणला? ... असू द्या, ठेवा तिथंच. तुम्ही कालच आलात म्हणून ठाव न्हाई — या मजल्यावर मोरी एक अन् भाडेकरू धा, दुसऱ्याच्या भांड्याला हात लावायचा न्हाई, एवढा एकच कायदा. बसा. भोकरहून आलात न्हवं? पोराला अकरावीला घातलं अन् त्याच्यामागं सैपाकाला तुम्ही. आम्हीबी तसंच. ती माझी नात, मी तिची आजी, तुळजाबाई. अख्खं लातूर तसंच हाय बघा — लेकरं क्लासला अन् आया-आज्या गॅसपाशी.

काय म्हणलात? रातच्या चहाचं इख होतंय? कोण म्हणलं — पोरगं? मोबाईलात बघून? आमची वर्षाबी तेच म्हणती, आजी, दुधाचा चहा रातभर ठेवला की जंतू वाढतात, परत उकळला तरी काही काही तसंच ऱ्हातंय, पोट बिघडंल. तिला समदं तोंडपाठ हाय, डॉक्टर व्हायला बसलीय न्हवं. खरंच असंल माय, मी कुठं न्हाई म्हणते? परवा माझ्याबी पोटात मुरडा आला — ओवा चावला अन् गप पडून ऱ्हायले. पण टाकू कसा? दूध घरचं हाय, आमच्या देवणी गाईचं. माझा ल्योक किशन, म्हंजी वर्षाचा बाप, पहाटं धार काढतो अन् पहिल्या एसटीत डायवरपाशी बरणी देतो, मी स्टँडावरून घेऊन येते. एवढं लांबून आलेलं दूध मोरीत ओतायचं? हात न्हाई होत माझा.

अन् रातच्या चहानं माणूस मरतंय म्हणता, तर ऐका. आमचं गाव किल्लारीच्या अंगाला. भूकंप झाला तवा किशन लहान होता, दगडा-मातीतून काढला तर तोंडात नुसती माती. पाणी कुठून आणू? आड बुजला होता, घागरी फुटल्या होत्या. ढिगाऱ्यात माझं पातेलं घावलं, झाकणासकट. गणपती बुडवून आलेल्या माणसांसाठी केलेला रातचा चहा, तळाला उरलेला. तो पदरानं गाळला अन् पाजला त्याला. डोळे उघडले की पोरानं! शेजारीच त्याची बहीण निजवली होती, साखरा. तिचाबी श्वास चालू होता माय, मी हात लावून बघत होते. डॉक्टर आला. पण ती गेल्यावर आला.

तवापासून किशनच्या डोक्यात ते बसलं. आपल्या घरात डॉक्टर पायजे. वर्षा झाली तवा बाळंतिणीपाशी उभं राहून म्हणला, ही डॉक्टर होणार. मी म्हणलं, आरं आधी तिचं नाव तर ठेव.

आता रोज एसटीत दूध देतो अन् लगेच फोन करतो. काय विचारतो? चहा प्याली का. बास. त्याला पुस्तकातलं कळत न्हाई, मलाबी न्हाई. कप मोकळा म्हंजी पोरगी रातभर जागली, जागली म्हंजी अभ्यास झाला — असा आमचा मायलेकाचा हिशोब. हसा, हसा. तुमचाबी काहीतरी असंलच की.

पण दिवाळीपास्नं ती पीतच न्हाई. मी करून ठेवते, बशी झाकते, सकाळी बघावं तर कप तस्साच. पुस्तक उघडं, पान तेच. जेवायला बसवलं तर घास तोंडात घेऊन बसती. केस इतके गळायलेत की झाडूला गुंडाळतात. एक दिवस फोन आला तवा तो भरला कप माझ्या हातातच होता. प्याली का, म्हणला. मी काय केलं — गटागटा पिऊन टाकला अन् म्हणलं, कप मोकळा हाय. मोकळाच होता की! खोटं कुठं बोलले? मग दुसऱ्या दिवशी. मग रोज. अन् तो इतका खुश झाला माय, की म्हणला, आई, आता दोन कप करत जा. आणखी एक टेस्ट सिरीज लावली तिला. म्हणला, पोरगी झेपवायलीय.

काल पिताना वर्षानं बघितलं मला. चिडली न्हाई. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणली, "आजी, मी मुद्दाम ठेवते. बाबाला कळावं म्हणून. माझ्या तोंडून निघत न्हाई गं. अन् तू पिऊन टाकतीस." ... आता कळलं का, कप इथं कोणी आणला? चारचौघांत ठेवला तिनं. मी पिऊ नये म्हणून.

सांगणार हाय मी त्याला. आजच सांगणार. कसं सांगू ते तुम्हीच सांगा — ज्यानं तोंडातली माती थुंकून डॉक्टर-डॉक्टर म्हणलं, त्याला... आला बघा फोन. त्याचाच. तुम्ही उचलता का? न्हाई, न्हाई, तुम्ही काय बोलणार. बसा इथंच. तुमच्यासमोर सांगते, म्हंजी जीभ मागं फिरणार न्हाई.

हां किशन. हाव, जाते आता स्टँडावर. गाय बरी हाय का? ... वर्षा? वर्षा ना... किशन, ऐक रे, ती... ... न्हाई, काही न्हाई. ... हाव. प्याली. ... दोन्ही प्याली.

ठेवला त्यानं. हसायला होता.

अशा बघू नका माय. एक कप आत खोलीत मी पिऊनच आले होते — द्या तो कप इकडं. द्या म्हणते ना! प्याली म्हणलंय मी त्याला... वर्षे? तू कवापास्नं उभी हायेस दारात?

तुम्ही जावा माय. जावा तुम्ही. तुमचं दूध उतू चाललंय.