भाकरीची भिंत

आता हसू नका, ऐका. दुधनीजवळच्या माळावर आमी चार म्हातारे फिरायला गेलो. रशीदभाई हटून बसला, "चहा पिल्याबिगर कुणी उठायचं न्हाय."

वारं असं, की स्टोव्ह पेटला की विझायचा. पठ्ठ्यानं सगळ्यांच्या डब्यातल्या ज्वारीच्या कडक भाकऱ्या काढल्या आन् स्टोव्हभोवती उभ्या केल्या. आधणाला उकळी यायला लागली. मला लागली भूक. मी हळूच एक भाकरी मोडली, मग दुसरी. स्टोव्ह विझला.

"भिंत खाल्लीस न्हवं? मग आता तूच भिंत हो. बस हितं."

बसलो वाऱ्याला पाठ देऊन. चहा लई फक्कड झाला म्हणं. मी कप मागितला, तर रशीदभाई म्हणतो, "भिंतीला कुटं कोण चहा पाजतं व्हय?"