मधली पांढरी जागा

मला म्हणतात कृष्णोजीराव. राव लावलाय म्हणून मोठा माणूस समजू नका, आमच्यात सगळ्यांनाच लावतात. आमचे लोक तीन-साडेतीनशे वर्षांमागं फौजेबरोबर हितं बेंगळुरात आले नि राहूनच गेले, घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, रागावलो की दोन्ही. माझा बाप मल्लेश्वरमात शिंपी. खडूनं कापडावर रेघ मारायचा, ती स्वल्प वाकडी झाली की स्वतःलाच शिव्या द्यायचा. ते बघत वाढलो, म्हणून मी ड्राफ्ट्समन झालो, नकाशे काढणारा, आणि कॉलेजात लागलो. तितंच वसुधा मॅडम भेटल्या.

आता काय सांगू तुम्हाला, प्रोफेसर लोक एक विषय धरतात नि रिटायर होईपर्यंत तोच चघळतात, या बाईंनी तीन केले. आधी वस्तूंचा इतिहास, म्हणजे पाट, पोळपाट, समया, मडकी, हे असंच का घडवलं, कुणी घडवलं. मी बसून मापं घ्यायचो, बायको म्हणायची, पोळपाट काढायला पगार देतात काय तुम्हाला. मग कलेचा इतिहास, देवळांच्या छतावरची चित्रं. आम्ही सतरंजीवर उताणे पडून वर बघायचो आणि पुजारी कुरकुरत बाजूनं जायचा. आणि मग एकदम वस्त्यांचं काम, लोकांना बरोबर घेऊन त्यांच्या गल्ल्यांचं प्लॅनिंग. कॉलेजात हसले. देव सोडून गटारात उतरली म्हणाले. मॅडम म्हणाल्या, कृष्णोजी, मडकं कुणी केलं ते विचारलं, तर तो करणारा राहतो कुठं हे नको विचारायला? सरी मॅडम, म्हटलं, म्हणजे बरं. तेव्हा मला काही कळलं नव्हतं, खरं सांगतो.

होसकोट्याजवळ कुंभारांची एक वस्ती होती, मॅडम आधी तिथल्या मडक्यांवर लिहायला गेलेल्या, म्हणून ओळख. व्हाइटफील्डकडच्या गाड्यांसाठी तिच्यातून नवा रस्ता जाणार होता. मॅडमनी तिथल्या बायकांना कागद दिले, तुमची वस्ती तुम्हीच काढा म्हणाल्या. बायकांनी घरं काढली इवलीइवली, नि मधलं अंगण, मडकी वाळवायचं, ते अर्धा कागद भरून. मॅडमनी मला सांगितलं, कृष्णोजी, हे स्वच्छ करून रस्त्याच्या ऑफिसात द्यायचंय. मी शिंप्याचा मुलगा. टेप घेऊन गेलो, सगळं मापात बसवलं, रेघा सरळ केल्या, अंगणाला जेवढी होती तेवढी जागा दिली. त्यात काढायला काय होतं हो? भिंत नाही, छप्पर नाही. पांढरं सोडलं. इतका देखणा नकाशा मी आयुष्यात काढला नव्हता. मॅडम घाईत होत्या, त्यांनी खाली सही केली.

ऑफिसातले साहेब खूश. मध्ये रिकामीच जागा आहे की, म्हणाले, कुणाचं घर पडत नाही, आणि माझ्याच पांढऱ्यावरून लाल पेन्सिलीनं रस्ता ओढला. वस्तीतल्या गौरम्मा अक्का, मडकी करणाऱ्या, तो कागद बघून एवढंच म्हणाल्या, अण्णा, आमचं अंगण कुठं गेलं? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. अंगण गेलं तर मडकी वाळवायची कुठं, नि त्या घरांनी खायचं काय?

मॅडमना सांगितलं, मी नोकरी सोडतो. म्हणाल्या, नोकरी नंतर सोडा, उद्या पहिल्या बसनं चला. मला त्या अंगणाच्या कडेला बसवलं, टेप काढून घेतली नि म्हणाल्या, आता हितं जे जे येईल ते काढा. सकाळी चाळायला माती आली, मग ओली मडकी रांगेनं, ती पण बायका ऊन बघून सारख्या फिरवतात. कोपऱ्यात कुणाची नाचणी वाळत, दुपारी म्हाताऱ्यांच्या गप्पा, संध्याकाळी एका मुलीला बघायला पाहुणे आले तर त्यांच्या खुर्च्या पण तितंच. गौरम्मा म्हणाल्या, माझ्या नवऱ्याला शेवटचं हितंच ठेवलं होतं, ते पण काढा अण्णा. काढलं. आठ दिवस काढत होतो, टेप नाही, रेघा सगळ्या वाकड्या, आणि पांढरं कुठं उरलंच नाही.

रस्त्याच्या सुनावणीत मॅडम उभ्या राहिल्या, म्हणाल्या, साहेब, आधीचा नकाशा चुकीचा आहे, सही माझी आहे. माझं नाव घेतलं नाही. मग नवा कागद टेबलावर पसरला, साहेब बराच वेळ वाकून बघत होते. पुढं खूप खेटे घातले, भांडणं झाली, पण रस्ता वळला. अंगणाची एक कड गेली, बाकी सगळं राहिलं.

आता मी रिटायर, त्याही रिटायर. गेल्या महिन्यात मॅडमचं पुस्तक आलं, तिन्ही विषयांचं मिळून, घरी बोलावून हातात दिलं. दोन्ही नकाशे समोरासमोर छापलेत. चुकीच्या नकाशाखाली त्यांचं स्वतःचं नाव. बरोबरच्या खाली माझं, गौरम्माचं आणि वस्तीतल्या सगळ्या बायकांची नावं. म्हटलं मॅडम, हे उलटं झालं, पहिला मी काढलेला. म्हणाल्या, काढला तुम्ही, न बघता सही मी केली. कॉफी निवतेय, प्या.

रोज दिवा लावताना म्हणतो, देवा, या बाईला शंभर वर्षं दे. ते बरोबरच्या नकाशाचं पान माझ्या बापाला दाखवायला पाहिजे होतं हो. रेघा सगळ्या वाकड्या आहेत, पण तो काही बोलला नसता.