सहा आठवडे अंगठा बांधून

हलू नका हो, ल्युबिशा. पट्टी अजून मऊ आहे – गरम लागेल, भाजणार नाही. अंगठा असा, पेला धरल्यासारखा. हां. नाही, संधिवात नाही. दमट हवेचाही संबंध नाही, आणि कोबीच्या पानावर राकिया दारू ओतून बांधायचं असेल तर बांधा, पानाला बरं वाटेल. हे बघा, इथे मनगटाशी, अंगठ्याच्या बाजूला, अंगठा हलवणाऱ्या दोन दोऱ्या एका अरुंद नळीतून जातात. नळीला आतून ओलसर अस्तर असतं, म्हणून त्या सरकतात. तुम्ही वीस वर्षं थापी फिरवलीत, अस्तर सुजलं – नळी काही सैल होत नाही – मग दोरी घासते. मघाशी अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवलं, तेव्हा तुम्ही माझ्या आईचा उद्धार केलात ना, तो त्यामुळेच. रागावले नाही. आई गेली, तिला फरक पडत नाही.

सहा आठवडे. – दोन? दोन कुठून काढलेत? आंघोळीला काढायची, बाकी हातावरच. नाहीच उतरलं तर सुई, बहुतेकांना सुईनं बरं वाटतं. तरीही नाही तर नळी कापून मोकळी करतात. पण तिथवर जायचंच कशाला?

माझी थोरली बहीण स्लावका गालिचे विणायची. पिरोटमध्ये चांगल्या चार विणकरणी असतील, त्यांतली एक. मागावरची फणी बघितलीय तुम्ही? वजनदार असते, दिवसभर धागे ठोकायचे. एका उन्हाळ्यात तिचा अंगठा दुखायला लागला. डाव्या हातानं उजवा उचलून फणीवर ठेवायची आणि ठोकायची. मी तेव्हा निश शहरात हेच शिकत होते, शेवटचं वर्ष. म्हणाली, "तू शिकतेयस ना, बघ गं जरा." बघितलं मी. तुमची केली तीच चाचणी. ती ओरडली नाही, नुसते डोळे मिटले. मी म्हणाले, ताण आलाय, जपून कर.

जपून कर. काय जपणार? रोज दहा तास ठोकत होती. तीन आठवड्यांत गालिचा संपवला. मग हाताला पेलासुद्धा धरवेना. सुई दिली, उशीर झाला होता. नळी कापली – दुखणं गेलं, पण कापताना एक बारीक नस दुखावली, अंगठ्याची वरची कातडी अजून बधिर आहे. आता दिवसाला दोन तास विणते, तेही डाव्या हातानं. बाकी वेळ पोरींना शिकवते. शिकवणं तिला आवडत नाही.

मला कळलं नव्हतं? – कळलं होतं हो. आदल्याच महिन्यात त्यावर परीक्षा दिली होती, चांगले गुण पडले होते. पण वरची किनार विणायची राहिली होती, आणि लग्न तीन आठवड्यांवर. माझं लग्न. गालिचा माझ्यासाठीच होता. आहे अजून, बैठकीत, भिंतीवर. स्लावका रविवारी जेवायला येते तेव्हा त्याच्यासमोरच बसते. म्हणते, तू तरी बिचारी काय करणार, शिकतच होतीस.

तिला नाही सांगितलेलं. अठ्ठावीस वर्षं झाली. तुम्हाला का सांगितलं, कोण जाणे. पट्टी थंड होऊन कडक व्हायला वेळ लागतो, म्हणून असेल.

द्या हात. बोचतंय कुठे? इथे कड थोडी घासते, थांबा. झालं.

तर दोन आठवडे कोणी सांगितले? – भावानं. आणि घर कोणाचं बांधताय? – त्याचंच. असं. थंडीच्या आत गिलावा व्हायला हवा. त्यानं तुमचा हात बघितलाय? बघितलाय. काय म्हणाला? – जपून कर.

बाहेर गाडीत बसलाय ना तो? त्याला आत पाठवा. तुम्ही नाही, तुम्ही बाहेरच थांबा. जा.