गिरणीमागची आडवाट

ऐका. हात शेंगांवर ठेवा आणि कान इकडं. आणि पमे, दाणे टोपलीत टाक, तोंडात नको.

ही आपल्या सुंद्राची गोष्ट. सुंद्रा माळीण हो, पलीकडच्या आळीतली. तेव्हा असेल चाळिशीची. तिच्या तोंडाला गावात कुणी लागत नव्हतं. पण त्या दिवशी ती भांडायलाही थांबली नाही, घरातून निघाली. नुसती धुमसत होती. का, ते सांगते.

तिची लेक हौसा इंडीकडं दिलेली, विजापूरच्या वाटेवर. लग्नाला दीड वर्ष झालेलं. सकाळी टपाल आलं, सुंद्रानं मास्तरांकडून वाचून घेतलं. हौसानं शेजारणीकडून चोरून लिहवलेलं. मला खोलीत कोंडतात. बाहेरून कुलूप घालतात. दोन दिसांनी भाकरी देतात. आई, ये. आता आली नाहीस तर परत येऊच नको.

सुंद्रा नवऱ्याला म्हणाली, चला. आणि निवृत्ती काय म्हणाला? म्हणाला, दिली लेक ती परक्याची, चार दिस सोसंल, मग होईल सुरळीत. बापाचं काळीज बघा! माझं आजही डोकं फिरतं. सुंद्रानं काय केलं, तर तांब्याभर पाणी घेतलं आणि पेटत्या चुलीत ओतलं. भाकरी तव्यावर तशीच. उठली आणि एकटी एस्टीत बसली.

सोलापूर आलं तेव्हा दिवे लागले होते. थंडीचे दिवस, अंधार लवकर. रेल्वे ठेसनावर गेली तर विजापूरची गाडी नऊला. दिवसातनं एकच. ही चुकली की उद्याच्या रात्री. हातात तीन तास. बाकड्यावर बसली, पण राग माणसाला बसू देतो का? उठली, बसली, उठली. मग मनात आलं, पोरीला काय चिंध्यांत गावात आणायची? एक लुगडं घ्यावं. आयुष्यात पहिल्यांदा शहरात आलेय, सिद्धेश्वरालाही हात जोडावेत. हमालाला वाट विचारली. तो म्हणाला, सरळ जा मावशी, दिव्यादिव्यानं जा, कुठं वळू नका.

निघाली. दोन फर्लांग गेली असेल. कोपऱ्यावर एक बाई उभी. पंचविशीची, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. आवाज मधासारखा.

"देवळात ना, मावशी? हमरस्ता लांबचा पडतो. गिरणीमागनं चला. मी तिकडंच निघालेय."

तीन तासांत दोन कामं करायची होती. सुंद्रा वळली.

बंद पडलेली कापडाची गिरणी. एका बाजूला तिची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला बाभळी. बाई पुढं, सुंद्रा मागं. वाटेत शेगडीवर शेंगा भाजत एक म्हातारा बसलेला. त्याला ओलांडलं. बाई बोलत होती. कुठं निघालात, कशाला निघालात. सुंद्रानं सगळं ओकून टाकलं. सासूला शिव्या दिल्या, जावयाला दिल्या, नवऱ्याला तर दुप्पट दिल्या. बाई प्रत्येक शिवीला म्हणायची, जाऊ द्या मावशी. बाईच्या जातीनं सोसावं. सोसलं की सुख लागतं.

पुढं परत म्हातारा. तीच शेगडी, तेच निखारे. सुंद्राला वाटलं, दुसरा असेल. चालली. भिंत संपेना. मग तिसऱ्यांदा म्हातारा. आता तिनं नीट बघितलं. शेंगांतून वाफ नाही. निखारे लालभडक, पण त्यांची ऊब नाही. आणि म्हातारा मान वर करत नाही.

अंगावर काटा आला. म्हणाली, बाई, किती वाजले? बाई म्हणाली, लई वेळ आहे. तेवढ्यात इंजिनाची शिट्टी झाली. ठेसन पाठीमागं होतं ना? शिट्टी आली समोरून. परत झाली, ती बाभळीतून आली. चकवा म्हणतात तो हा. जंगलातच असतो असं नाही हं, शहरातही असतो.

सुंद्रा थांबली. बाईही थांबली. वळली नाही. पाठमोरीच म्हणाली, "चला ना. हौसाची काळजी नका करू."

आता हौसाचं नाव सुंद्रानं एकदाही घेतलं नव्हतं. लेक, लेक, एवढंच म्हणाली होती.

पळावं म्हटलं तर पाय पुढंच पडायला लागले. बाभळीत एक जुनी विहीर, पायऱ्यांची. आतून आवाज आला. हौसाचा आवाज, हुबेहूब. "आई, मी इथं आहे. खाली ये." सुंद्रा उतरली. आई ती, उतरणारच. एक पायरी, दुसरी, पाचवी. "आई, माझंच चुकलं. मी सोसते. तू नवऱ्याशी भांडू नको. ये, जवळ बस माझ्या."

पाण्याचा गारठा गुडघ्याला लागला आणि सुंद्रा भानावर आली. माझी हौसा असं बोलंल? जिनं येऊच नको म्हणून लिहिलं, ती म्हणते माझं चुकलं? तिच्या डोक्यात जाळ झाला.

तिनं खालच्या पायऱ्यांकडं बघितलं. ती बाई गळ्याएवढ्या पाण्यात, सुंद्राचा पदर दोन्ही हातांनी धरलेला. केस सुटलेले, त्यांतून पाणी गळतंय.

"कोण गं तू? कुणाची?"

"मला इथंच दिली होती, इथंच ढकलली. आई येते म्हणाली होती." मधाचा आवाज गेला होता. लहान पोरीसारखी बोलत होती. "तुम्ही राहा ना."

सुंद्राला दया आली का? आली. तिनंच सांगितलं मला. पण रागानं दयेला उभं राहू दिलं नाही. म्हणाली, "तुझी आई आली नाही, तर तिच्या नरड्याला धर. ज्यांनी तुला ढकललं त्यांच्या घरात जा. माझी लेक अजून जिती आहे. तिनं का मरावं तुझ्यापायी? सोड!"

पदर टरकला. अर्धा त्या हातात राहिला.

वर आली आणि तिनं शहाणपणाचं काम केलं. डोळ्यांवर, कानांवर भरवसा ठेवला नाही. गिरणीच्या भिंतीला डावा हात लावला आणि पळत सुटली. मागून हौसा हाका मारतेय. म्हातारा आडवा आला, त्याच्या अंगातून गेली. तळहात सोलून निघाला, पण हात काढला नाही. एकदम भिंत संपली आणि हमरस्त्याचे दिवे.

ठेसनावर गाडी हलली होती. शेवटच्या डब्याच्या दांड्याला लोंबकळली, आतल्या दोन बायांनी दंडाला धरून ओढली.

मधल्या ठेसनावर उतरून रातोरात चालत गेली, पहाटे लेकीच्या दारात उभी. गुडघ्यापर्यंत ओली, फाटका पदर, हातातून रक्त. सासू आडवी आली. सुंद्रानं तिला भिंतीला सारली. कुलपाची किल्ली मागितली नाही. पाटा-वरवंट्यातला वरवंटा उचलला आणि चार घावांत कुलूप फोडलं. हौसा कोपऱ्यात बसलेली. आढ्याला लुगड्याचा पीळ बांधून तयार होता. म्हणाली, आई, आजची रात्र काढणार नव्हते गं मी.

परत येताना सोलापुरात दोन तास एस्टी नव्हती. हौसा म्हणाली, जरा बाजार तरी बघू. सुंद्रानं तिचं मनगट धरलं, आणि एस्टी लागेपर्यंत सोडलं नाही.

म्हणून सांगते, पोरींनो, आणि बाप्यांनो, तुम्हीही ऐका. गाडी बदलताना वेळ मिळाला तर शहर बघा, देवाला जा, लुगडी घ्या. दिव्यादिव्यानं जा. पण दिवेलागणीनंतर कुणी कितीही गोड बोललं तरी गिरणीमागच्या वाटेला पाय टाकू नका. ती अजून उभी असते त्या कोपऱ्यावर. तिला न्यायला कुणी आलंच नाही.