फ्रीजची खंडेनवमी

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा, मागची कुजबुज थांबवा आणि मला एवढं सांगा — अन्न टाकावं का? नाही! बघा, सगळ्या माऊल्या एका सुरात बोलल्या. सांडलेल्या शितासाठी वाकणारी माणसं आपण! बरं, आता दुसरा प्रश्न. अन्न टाकणं हे पाप, मान्य. पण अन्न *न टाकणं* हे कधी पाप होतं? — हं! आता कसे गप्प झालात! मृदंगवाल्या बुवांकडे बघू नका, त्यांनाही येत नाही. याचं उत्तर द्यायला मी कुरणवाडीच्या द्वारकाकाकूंना बोलावतो.

कोण या द्वारकाकाकू? भोइट्यांच्या घरची कारभारीण. गोठ्यात म्हशी, आणि हाताला बासुंदीची अशी चव, की पंचक्रोशीत लग्न ठरलं की लोक म्हणायचे, "आचारी कुठलाही आणा, बासुंदीला काकू आहेत ना?" अभिमान होता काकूंना! का नसावा? आणि दुसरा अभिमान याहून मोठा — या घरात अन्नाचा कण कधी उकिरड्यावर गेला नाही. त्या तसं बोलूनही दाखवायच्या. चारचौघींत. जरा मोठ्यानंच!

या घरात फ्रीज आला. काकूंनी तो बाहेरच्या खोलीत भिंतीला चिकटवून, वर जाळीदार रुमाल टाकून, नवरदेवासारखा नाही उभा केला! — ज्यांनी केलाय त्यांनी खाली बघू नका, मला दिसतंय! सून मयूरी म्हणाली, "आई, त्याला मागनं वारा लागतो," आणि काकूंनी मागं हात जाईल एवढी जागा सोडली. वाफाळतं पातेलं आत नाही. झाकणाशिवाय वाटी नाही. दाराच्या रबराला दुधाचा ओघळ दिसला, की फडकं फिरलंच! आणि फ्रीजरमध्ये बर्फ साचला तर उलथनं घेऊन खणायचं नाही. आमच्या ओळखीचे एक काका खणायला गेले — बर्फ तिथंच राहिला, गॅस निघून गेला! तेव्हापासून काकांच्या फ्रीजमध्ये चपला असतात.

तर अशा काकू. नेटक्या, जाणत्या. मग चूक झाली कुठं? मंडळी, चूक झाली भक्तीत!

दसरा तोंडावर आला. मयूरी पोटुशी होती आणि तिची आई शैलजाताई दसऱ्याला जेवायला येणार होत्या. जेवायचं आणि लेकीला बाळंतपणाला माहेरी घेऊन जायचं, असा बेत. विहीणबाई येणार! काकूंनी अष्टमीलाच बासुंदी आटवली, निववली आणि मोठ्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवली. उजाडली खंडेनवमी. सर्जेरावांनी — म्हणजे काकूंच्या मालकांनी — नांगर धुतला, विळे धुतले, ट्रॅक्टरला हार घातला. आज अवजाराला हात लावायचा नाही, आज त्याचा विसावा! काकू हळदीकुंकवाचं तबक घेऊन स्वयंपाकघरात आल्या आणि फ्रीजकडे बघतच राहिल्या.

"अगं बाई! नांगराला सुट्टी, ट्रॅक्टरला सुट्टी — अन् रातंदिस राबतो त्यो ह्यो एकटाच? ह्यानं काय पाप केलंय?"

फ्रीज पुसला, स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, नारळ ठेवला, हात जोडले — आणि बटण बंद! "झोप रे बाबा आजचा दिवस!"

हसू नका! तो भाव खोटा होता का? यंत्राचेही उपकार मानणारी बाई आहे ती! भाव सोन्याचा होता. पण बासुंदीला भाव कळत नाही, मंडळी, तिला फक्त ऊब कळते! बाहेर असं ऊन, की कावळासुद्धा सावली शोधत होता. मयूरी दिवसभर वर आराम करत होती, तिला पत्ताच नाही. दिवेलागणीला काकूंनी बटण पुन्हा लावलं, आणि सकाळपर्यंत सगळं गारेगार. झालं की नाही काम?

दसऱ्याची दुपार. पाट मांडले, रांगोळ्या घातल्या. शैलजाताई पानावर बसल्या, शेजारी मयूरी. कढईत पुरी फुगतेय! विहीणबाईंना थंड पाणी द्यावं म्हणून काकूंनी फ्रीजर उघडला, बर्फाचा ट्रे ओढला — आणि हात तिथंच थांबला. ट्रेमध्ये सुटे रचून ठेवलेले बर्फाचे चौकोनी खडे गेलेले! सगळ्याची मिळून एकच लादी, आणि ट्रेखाली सांडलेलं पाणी गोठून बसलेलं.

सर्जेराव आत आले. "काय झालं गं?"

"बर्फ इतळून परत धरलाय. म्हंजे काल बासुंदी दिवसभर उबंत व्हती."

सर्जेरावांनी डबा उघडला, वास घेतला. "वास न्हाई, फाटली न्हाई, गारढोण हाय! कुणाला कळतंय? वाढ की!"

मंडळी, इथं आख्यान खरं उभं राहतं! बाहेर विहीण बसलेली. जन्मभराचं नाव त्या डब्यात. आणि कणभर अन्न न टाकल्याचा तो अभिमान! वाढली तर नाव राहतं. टाकली तर एका वेळी दोन्ही अभिमान जातात. तुम्ही काय केलं असतं? — नका सांगू, देवळात बसलाय!

काकू हळूच म्हणाल्या, "आवं, मी इरजण फ्रीजात ठेवते. मरतं का ते? झोपतं! बाहेर काढलं, की परत दूध धरतं. मग काल उबंत बासुंदीत जे नासकं वाढलं, ते गारठ्यानं मरंल कसं? ते बी झोपलंय. अन् नाकाला काय कळतंय त्यातलं?"

"मग एक उकळी दे."

"उकळीनं समदंच जातं म्हणून सांगता? पोटुशी पोर पानावर बसलीया! तिच्या पोटात घालून बघू व्हय?"

आणि काकू डबा घेऊन बाहेर आल्या. सगळ्यांसमोर. मान ताठ!

"विहीणबाई, बासुंदी केली व्हती, पन वाढनार न्हाई. काल पूजा केली अन् मीच फ्रीज बंद ठिवला. दिवसभर आतलं समदं उबलंय. चूक माझी. आज पुरीसंगं गूळ-तूप खावा."

मयूरीनं हातातली पुरी पानात ठेवली. आई शेजारीच बसलेली — आता काय म्हणेल? काकू तशाच परसात गेल्या. खड्डा काढला. मागून सर्जेराव आले — "अगं, म्हशीला तरी घाल!"

"मुक्या जिवाचं पोट काय पत्र्याचं हाय?"

आणि ओतली बासुंदी! डोळ्यांना पदर लावला, अन्नाची क्षमा मागितली आणि वर माती ओढली. जन्मात पहिल्यांदा त्या घरात अन्न टाकलं गेलं. मी सांगतो, त्या दिवशी कुरणवाडीत सोनं आपट्याच्या पानात नव्हतं, त्या खड्ड्याच्या काठावर उभं होतं!

जेवणं झाली. पोरीची पिशवी दाराशी भरून ठेवलेली. शैलजाताई उठल्या, पिशवी उचलली — आणि काकूंच्या हातात दिली!

"आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरीच करतात," त्या म्हणाल्या. "पण मयूरी मघापासून कानात सांगतेय, मला इथंच राहायचंय. राहू दे. भरल्या पानावर स्वतःची चूक सांगणारी सासू आहे इथं. माझ्या पोरीला काही झालं, तर या घरात ते माझ्यापासून लपणार नाही. मीच येईन पाचवीला."

बोला! कुणाचं नाव गेलं? मंडळी, नाव राखण्यासाठी जे अन्न ठेवलं जातं, ते ठेवणं पाप!

आता तुमच्याकडे वळतो. फ्रीजची पूजा जरूर करा. पण त्याची पूजा म्हणजे काय? प्लग काढा, आतलं अन्न दुसरीकडे गारव्याला ठेवा, पुसा, कोरडं करा आणि लगेच चालू करा — झाली पूजा! त्याला सुट्टी देऊ नका. सुट्टी द्या त्या मागच्या कोपऱ्यातल्या वाटीला, जिच्यात काय आहे हे घरातल्या कुणालाच आठवत नाही! आणि उद्या वीज गेली, दार उघडं राहिलं, बटण चुकून बंद झालं, तर पानावर बसलेल्या माणसाला तोंडावर सांगायची छाती आहे का आपली? "चूक माझी" — दोनच शब्द आहेत! आहे छाती? हात वर करा! ... राहू द्या, इथं नको. इथं नुसतं तोंड उघडा आणि देवाचं नाव घ्या. ते दोन शब्द घरी, आपल्या माणसांसमोर म्हणा. वाजवा टाळ!