पगार बिदरचा, सुट्टी बिदरची

हुमनाबादच्या बसस्टँडवर, माझ्या मागच्या बाकावर दोघी.

“राजूबाई, सून गेली का परत पुण्याला?”

“न्हाई अक्का. कंपनी म्हणली, ऑफिसात या, न्हाईतर घरून काम करा, पण बिदरचा कमी पगार घ्या. ज्योती म्हणली, मग सुट्टी बी बिदरचीच द्या. येळवसच्या अवसेला आमी सगळी शेतात जेवतो.”

“दिली?”

“दिली! वर साहेबच जेवायला यायलाय. त्यालाच न्यायला आलेय.”

“वळखायचं कसं?”

“हातात मोठ्ठा रिकामा डबा असंल. सगळ्या ऑफिसाला येळवसची शेंगा-पालेभाज्यांची भज्जी न्यायचीय म्हणं.”

“मग पगाराचं बी बोलायचं की!”

“आदी जेवू द्या. दोन तांबे आंबील प्याल्यावर न्हाई म्हणायला जीभ उचलत न्हाई कुणाची.”