ईयोबाची बायको

आमच्या पाळकसाहेबांना गप्प करणारं माणूस एकच निघालं बघा, आन् ती मार्थाकाकू.

चर्चमधी दरसाली जोडप्यांची सभा भरती. प्रत्येकानं उठून सांगायचं, आपला संसार बायबलातल्या कोणत्या नवरा-बायकोसारखा हाय. जो तो म्हणतो, आम्ही अब्राहाम आन् सारा, देवाची लाडकी जोडी! यंदा काकूंची पाळी आली. त्यांचा एकुलता पोरगा औंदाच वाळूजच्या रोडवर ट्रकखाली गेलेला.

काकू म्हणाल्या, "आम्ही ईयोब आन् त्याची बायको."

पाळकसाहेब चपापले. "काकू, ईयोबाची दहाही लेकरं एका दिवसात मेली, तरी त्यानं देवाला सोडलं नाही. ती तर नवऱ्याला म्हणाली, देवाला सोड आणि मर. तिच्याकडून काय शिकायचं?"

"साहेब, मेलेली लेकरं तिचीबी व्हती ना? ईयोबाजवळ त्याचे दोस्त येऊन सात दिवस बसले. तिच्याजवळ कोण बसलं?"

शेजारी काका खाली मान घालून बसलेले.

"आमच्याकडंबी तुम्ही सगळे ह्यांच्याजवळच बसले. मी आत तुमचा चहा करत व्हते."

सभेनंतरचा चहा दरवेळी काकूच करतात. त्या दिवशी चहाचं नाव कुणी काढलं नाय.